घोडा आणि कोंबड्या एकाच आवारात: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

इंदूरच्या भोवती महू, सिमरोल, देपालपूर, हातोद या बाजूंना बिघा-दोन बिघे जमीन घेऊन शेतघर बांधणाऱ्या मराठी घरांत हल्ली एक इच्छा हटकून ऐकू येते: मुलांसाठी एखादा घोडा किंवा तट्टू, आणि घरच्या अंड्यांसाठी आठ-दहा कोंबड्या. दोन्ही एका कुंपणात राहतील का, हा प्रश्न मग येतोच. राहतात, आणि चांगली राहतात. दावणीखाली सांडलेले दाणे कोंबड्या वेचतात, लिदीतल्या माश्यांच्या अळ्या खातात, आणि घोडाही थोड्या दिवसांत त्यांच्या फडफडीला सरावतो. लोकांना भीती वाटते ती लाथेची. पण मोठी कोंबडी चपळ असते, पायाखाली ती क्वचितच सापडते. घोड्याचा जीव जातो तो कोंबडीखाद्याच्या पोत्यापायी. म्हणून मी खुराड्याआधी कोठीबद्दल सांगते.

१. आधी कोठी, मग जनावरं

कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून तयार खाद्यात, विशेषतः पिल्लांच्या, वाढीच्या कोंबड्यांच्या आणि ब्रॉयलरच्या खाद्यात, एक औषध मिसळलेलं असतं. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, लसालोसिड, मादुरामायसिन, नारासिन ही त्या गटातली नावं. या गटाला आयनोफोर म्हणतात. कोंबडीला ती उपकारक आहेत, घोड्याला विष आहेत. मोनेन्सिनची घोड्यासाठी मारक मात्रा वजनाच्या दर किलोला जेमतेम २ ते ३ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ३५० किलोच्या मारवाडी घोड्याला एक ग्रॅमच्या आतबाहेर औषध जीव घ्यायला पुरतं. कोंबडी वजनाच्या मानाने याच्या कितीतरी पट पचवते. सॅलिनोमायसिनच्या बाबतीत तर घोडा याहूनही हळवा.

तयार खाद्यात मोनेन्सिन टनामागे साधारण १०० ते १२० ग्रॅम असतं. हिशेब केला तर घोड्याला मरायला काही किलो खाद्य लागेल, आणि रात्री कोठीचं दार उघडं सापडलेला घोडा तेवढं सहज खातो. हृदयाच्या स्नायूला इजा व्हायला मात्र त्याहून कमी पुरतं. लहान तट्टू असेल तर आणखी कमी. आणि घरीच खाद्य मिसळण्यासाठी जे प्रीमिक्सचं पाकीट आणतात, त्यात तर औषध कितीतरी दाट असतं. ते पाकीट शेतावर आणूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा पहिलं काम दुकानात. पोत्यावरची चिठ्ठी वाचा आणि वरच्या नावांपैकी एकही असेल तर ते पोतं परत ठेवा. घोडा असलेल्या आवारात आयनोफोरविरहित खाद्यच आणायचं. चिठ्ठी फाटलेली असेल किंवा सुटं खाद्य तोलून मिळत असेल तर घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो. पिल्लांना रक्ती हगवण झालीच तर पशुवैद्य पाण्यातून अँप्रोलियम देतात. ते या गटातलं नाही. बाकी या रोगावर सगळ्यात मोठा उपाय म्हणजे खुराड्यातला भुसा कोरडा ठेवणं.

दुसरी गोष्ट नव्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. घोड्याची चंदी, म्हणजे चणे, जव, ओट, गव्हाचा कोंडा, जिथे कोंबडीखाद्य दळलं-मिसळलं जातं त्या गिरणीत भरडून आणू नका. यंत्रात मागच्या घाण्याचं खाद्य उरतं आणि ते पुढच्या पोत्यात जातं. जगभर घोड्यांच्या विषबाधेच्या घटनांमागे हे कारण सापडलेलं आहे. इंदूरच्या छावणी धान्यमंडीतून अख्खे चणे आणि जव घ्यावेत, घरी भिजवावेत किंवा साध्या पिठाच्या गिरणीत भरडावेत.

तिसरी गोष्ट दाराची. चंदी आणि कोंबडीखाद्य एका खोलीत ठेवू नका. जागा नसेलच तर दोन वेगळे, झाकण घट्ट बसणारे पत्र्याचे पिंप घ्या, दोन रंगांनी रंगवा, आणि प्रत्येकाचं माप त्याच्याच पिंपात ठेवा. कामाला येणाऱ्या माणसाला, घरच्या मुलांना, पाहुण्यांना, सगळ्यांना रंग सांगून ठेवा. साधी कडी घोडा ओठांनी उघडतो. अडसर हवा आणि त्याला कुलूप किंवा स्प्रिंगचा हुक हवा.

औषध नसलेलं कोंबडीखाद्यही घोड्याचं अन्न नव्हे. ते मका आणि सोयाबीनच्या ढेपेचं, बारीक दळलेलं असतं. घोड्याने भरपूर खाल्लं तर पोटशूळ उठतो आणि एक-दोन दिवसांत खुरांच्या आत दाह होऊन तो पाय टेकेनासा होतो. बुरशी आलेला मका घोड्याच्या मेंदूवर जातो. पावसात भिजलेला मका कोंबड्यांनाही घालू नका, कारण बुरशीचं विष त्यांच्या यकृताला मारतं. उकिरड्यावर टाकायचा तर तोही बंद उकिरड्यावर.

घोड्याने कोंबडीखाद्य खाल्लं असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नका. खाणं सोडणं, घाम, अस्वस्थपणा, मागच्या पायांतली ताकद जाणं, लडखडणं, काळपट लघवी, जोरात धडधडणारं हृदय ही लक्षणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांनीही दिसतात. घोड्याला चालवू-पळवू नका, आहे तिथे शांत उभा ठेवा. पोटशूळ समजून फिरवत बसणं इथे घातक ठरतं, कारण इजा हृदयाला झालेली असते. लगेच १९६२ वर फोन करा. मध्य प्रदेशात पशुसंवर्धन विभागाची फिरती चिकित्सा गाडी त्या नंबरावरून येते. खाद्याचं पोतं आणि चिठ्ठी जपून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच मागतील. या विषावर उतारा नाही. पोटातलं विष नळीने काढता आलं किंवा औषधी कोळशाची पूड देऊन थोपवता आलं, तर ते सुरुवातीच्या काही तासांतच. वाचलेल्या घोड्याचं हृदय तपासून घेतल्याशिवाय त्याच्यावर बसू नका. वरून धडधाकट दिसणारा घोडा नंतर पळताना कोसळू शकतो.

२. जागा आणि कुंपण

माळव्याची काळी माती पावसाळ्यात काय करते ते इथल्या माणसाला सांगायला नको. घोडा त्या चिखलात उभा राहिला की खुराचा तळ सडतो आणि काळा, घाणेरड्या वासाचा पाझर सुरू होतो. कोंबड्यांचं खुराडं ओलं राहिलं की रोग आलाच. दोन्ही जागांना दीड-दोन फूट मुरमाची भर घालून, चोपून, बाहेरच्या बाजूला उतार द्या. तबेल्याची खोली घोड्याला १२ बाय १२ फूट हवी. कोंबड्यांना आत प्रत्येकीला ३ ते ४ चौरस फूट आणि बाहेर बंदिस्त अंगणात ८ ते १० चौरस फूट धरा. रात्री बसायच्या काठीवर प्रत्येकीला ८ ते १० इंच, अंड्यांची पेटी चार-पाच कोंबड्यांत एक.

खुराडं तबेल्याला चिकटून बांधू नका. १५ ते २० फूट तरी अंतर ठेवा. कोंबड्यांच्या विष्ठेतून अमोनिया उठतो, भुशाची धूळ उडते, आणि घोड्याची फुप्फुसं धुळीला नाजूक असतात. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि दारं-खिडक्या लावून बसायचा काळही तोच. म्हणून खुराडं तबेल्याच्या पूर्वेला बरं.

कुंपणात एक चूक सर्रास दिसते. कोंबड्यांची षट्कोनी जाळी घोड्याच्या वावराला लावतात. घोड्याने पाय मारला की खूर जाळीतून आरपार जातो, मग तो ओढतो आणि कातडी सोलून निघते. घोड्याच्या बाजूला लोखंडी पाइप किंवा जाड बल्ल्यांचे आडवे दांडे हवेत, सगळ्यात वरचा त्याच्या छातीच्या वर. जाळी त्याच्या आत, कोंबड्यांच्या बाजूने, दोन-तीन फूट अंतर सोडून. काटेरी तार कुठेच नको. कोंबड्यांच्या ये-जा करायच्या दाराची रुंदी एक फूट आणि उंची सव्वा फूट पुरे. त्यांच्या खाण्याची भांडी मात्र खुराड्याच्या आत, कुंपणाच्या दांड्यापासून पाच-सहा फूट लांब. घोड्याची मान किती पोचते, हे एकदा दोरी धरून मोजून घ्या.

बांधकाम संपल्यावर तारेचे तुकडे, खिळे, पत्र्याच्या चिंधोट्या वेचून काढा. दोरीला लोहचुंबक बांधून जमिनीवरून फिरवलं तर डोळ्यांना न दिसलेलंही निघतं. घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो आणि झाला की वाचणं कठीण असतं. धनुर्वाताची लस दरवर्षी, न चुकता. रेबीजचीही विचारून घ्या, कारण माळरानावर कुत्री आणि कोल्हे असतातच. संक्रांतीनंतर आठवडाभर सकाळी आवारात मांजा शोधत फिरा. कोंबड्यांच्या पायात तो गुंडाळतो, घोड्याच्या घोट्याला कापतो, आणि इंदूरच्या आभाळात तो भरपूर असतो.

३. कोंबड्या कोणत्या

घोड्याबरोबर हिंडणाऱ्या कोंबड्या हलक्या, सावध आणि पळणाऱ्या हव्यात. ब्रॉयलर इथे कामाच्या नाहीत, जड शरीराने त्या बाजूला होत नाहीत. आपल्याला कडकनाथ जवळची. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथून खात्रीची पिल्लं आणता येतात. चपळ, काटक, उन्हाला टिकणारी. अंडी मात्र कमी, आणि बसून उबवण्याची ओढही कमी. अंड्यांसाठी ठेवायच्या असतील तर जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने कडकनाथचं रक्त घालून तयार केलेली नर्मदानिधी जास्त सोयीची. दोन्ही झाडावर झोपायला जातात. तबेल्याच्या तुळईवर झोपू लागल्या तर मात्र त्रास, त्याचं कारण पुढे येईल.

पिल्लांना लसी वेळेवर हव्यात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा ही लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो रोगाची लस दोन आठवड्यांच्या सुमाराला, लासोटा पुन्हा महिनाभराने, आठव्या आठवड्याच्या सुमाराला मानमोडीचीच आर-टू-बी ही लस, आणि देवीची लस त्याच सुमारास. मारेक रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिली आहे ना, हे घेतानाच विचारा.

४. ओळख करून देणं

नव्या कोंबड्या आणल्या की दोन-तीन आठवडे खुराड्यातच कोंडून ठेवा. त्या घर ओळखतात, आणि रोग असेल तर तेवढ्यात दिसतो. घोड्याला त्या जाळीतून दिसू द्या, ऐकू येऊ द्या. मग पहिल्यांदा सोडायचं ते संध्याकाळी, सूर्यास्ताच्या तासभर आधी, घोडा तबेल्यात बंद असताना. अंधार पडू लागला की त्या आपणहून खुराड्याकडे वळतात. चार-सहा दिवस असं गेल्यावर घोडा मोकळा असताना सोडा आणि तुम्ही तिथे उभे राहा. लगाम हातात धरून घोड्याला त्यांच्या जवळ ओढत नेऊ नका. त्याला हवं तेवढं अंतर ठेवू द्या, तो स्वतः मान खाली घालून हुंगायला येईल.

तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, चढवलेल्या किंवा दावणीत खाणाऱ्या घोड्याजवळ कोंबड्या नकोत. एक तर खाताना तो चिडका होतो, आणि दुसरं म्हणजे तोबऱ्यामुळे खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. पिल्लं असलेली कोंबडी पिल्लं हाताएवढी होईपर्यंत वेगळ्या आवारात. ती घोड्याच्या तोंडावरही झेप घेते. तापट कोंबडा ठेवू नका, त्याच्या नखीने मुलांना आणि घोड्याला दोघांनाही इजा होते.

तबेल्यात व्यायला आलेली घोडी किंवा लहान शिंगरू असेल तर कोंबड्यांना त्या भागात पूर्ण बंदी. कोंबड्या स्वतः धडधाकट दिसत असतानाही विष्ठेतून साल्मोनेला टाकू शकतात, आणि शिंगराला त्यातून होणारी हगवण जीवघेणी ठरते.

५. रोजचा दिनक्रम

सकाळी आधी घोड्याला चारा आणि चंदी. त्याने खाऊन संपवलं, दावण पुसून झाली, की मग खुराडं उघडायचं. कोंबड्या सांडलेले दाणे टिपतात तेव्हा दावणीवर चढत नाहीत ना, हे पाहा. दावण आणि चाऱ्याची जागा विष्ठेपासून दूर ठेवणं हाच या सगळ्या दिनक्रमाचा गाभा आहे. ३५० किलोच्या घोड्याला रोज निदान ५ ते ७ किलो सुका चारा लागतो, म्हणजे कडबा, गवत, बरसीमचा वाळलेला चारा. तो झाकलेल्या जागी ठेवा. कडब्याच्या गंजीत कोंबड्या लपून अंडी घालतात, कधी तिथेच मरतात. मेलेलं पाखरू किंवा उंदीर चाऱ्यात कुजला तर त्यातल्या जंतूंचं विष चाऱ्यात उतरतं, ज्याने घोड्याला आधी गिळता येत नाही आणि मग उभंही राहवत नाही. पेंढी सोडताना रोज हाताने चाचपून पाहा. शंका आली तर ती पेंढी घोड्याला नाही.

पाण्याची टाकी घोड्यासाठी अडीच-तीन फूट उंच, कोंबड्यांसाठी जमिनीवर वेगळी भांडी. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं आणि मे महिन्यात त्याहूनही जास्त, त्यामुळे टाकी मोठी असते आणि कोंबड्यांना तिच्या काठावर बसायचा मोह होतो. तेव्हा टाकीत एक तिरकी फळी ठेवा, पडलेलं पिल्लू तिच्यावरून वर येतं. पाणी रोज बदला.

संध्याकाळी अंधाराच्या आत सगळ्या कोंबड्या मोजून खुराड्यात. मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांच्यामुळे तर ते लागतंच. पण आणखी एक कारण आहे: रात्री तुळईवर बसलेल्या कोंबडीची विष्ठा थेट दावणीत आणि घोड्याच्या पाठीवर पडते. शिवाय कोंबड्यांचा लाल कीटक दिवसा फटीत लपतो आणि रात्री रक्त प्यायला निघतो. तबेल्यात तो शिरला की घोडा पाय आपटतो, अंग घासतो, खरारा करताना कातडीवर खवले हाताला लागतात. खुराड्याच्या फटींना वर्षातून दोनदा चुना द्या, काठ्या काढून उन्हात टाका, कोंबड्यांना धूळस्नानासाठी चुलीची राख ठेवा. गोचिडांसाठी गाईला वापरलेलं अमिट्राझ घोड्याला लावू नका, त्याने आतड्यांची हालचाल थांबून पोटशूळ होतो. आपल्या दुकानांत ते सहज मिळतं, म्हणून मुद्दाम सांगते.

६. लीद आणि विष्ठा

लीद कोंबड्यांना विस्कटू द्यायची की नाही, याचं उत्तर ऋतूवर आहे. फेब्रुवारी ते जूनच्या आरंभापर्यंत द्या. विस्कटलेली लीद उन्हात कडकडीत वाळते आणि घोड्याच्या जंतांच्या अळ्या मरतात. माश्यांच्या अळ्या कोंबड्या खातात, म्हणजे जखमांवर बसून घोड्याला बरसाती, म्हणजे लवकर न भरणारे व्रण, देणाऱ्या माश्याही कमी होतात. पावसाळ्यात मात्र उलट. ओल्यात विस्कटलेल्या लिदीतून जंतांच्या अळ्या सगळ्या गवतावर पसरतात. जून ते ऑक्टोबर लीद रोज सकाळी उचलायची आणि कोंबड्यांना पोचता येणार नाही अशा झाकलेल्या खड्ड्यात टाकायची.

घोड्याला आयव्हरमेक्टिन दिलं की ते बहुतेक लिदीतूनच बाहेर पडतं. आठवडाभर ती लीद वेगळी उचला, कोंबड्यांना तिथे सोडू नका. अंड्यांत औषध उतरायला नको.

कोंबड्यांची विष्ठा आणि भुसा खत म्हणून उत्तम, पण वेगळ्या ढिगात किमान चार-सहा महिने कुजवा. घोडा चरतो त्या तुकड्यावर किंवा त्याच्यासाठी लावलेल्या बरसीमवर ते टाकू नका. भाजीच्या वाफ्यांना द्या.

७. नवं जनावर आणताना

घोडा बहुधा लग्नाच्या घोडीवाल्यांकडून किंवा जत्रेतून येतो, आणि ती घोडी एका हंगामात असंख्य ठिकाणी फिरलेली असते. व्यवहार करण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी मागा. हा रोग माणसालाही होतो, घोड्याला त्यावर इलाज केला जात नाही, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे. नमुन्याची पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. नाकातून चिकट पिवळा स्राव, कातडीवर गाठी आणि फुटणाऱ्या पुळ्या दिसल्या तर किमतीचा मोह सोडून परत फिरा. महूचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. घोडा घेण्याआधी तिथल्या डॉक्टरांकडून तपासून घेण्याचा खर्च वाचवू नका. घरी आणलेला घोडाही तीन आठवडे वेगळा बांधा.

कोंबड्यांच्या बाजूने लक्ष ठेवायचं ते बर्ड फ्लूवर. २०२० च्या शेवटी आणि २०२१ च्या आरंभी इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि त्यांच्यात एच-५-एन-८ विषाणू सापडला. तेव्हा आवारात एकामागून एक कावळे किंवा कोंबड्या मरू लागल्या तर मेलेल्यांना उघड्या हातांनी उचलू नका, उरलेल्यांना कोंडा, अंडी-कोंबड्यांची देवाणघेवाण थांबवा आणि पशुसंवर्धन विभागाला त्याच दिवशी कळवा. एरवी एखादीच कोंबडी मेली तर तिला चुना टाकून खोल पुरा. तिची भांडी धुतलेलं पाणी घोड्याच्या बाजूला वाहून जाणार नाही, असा उतार आधीच काढून ठेवा. आणि खुराड्यात घालायची चप्पल व तबेल्यात घालायचे बूट वेगळे ठेवा, दोन्ही दारांशी खिळ्यावर टांगून.